रिकाम्या पानांचं ओझं

म्हसवडला सिद्धनाथाचं नवरात्र उभ्यानं करतात. दिवाळी पाडव्याला ते सुरू होतं आणि कार्तिक शुद्ध द्वादशीला, तुळशीच्या लग्नाच्या मुहूर्तावर सिद्धनाथ-जोगेश्वरीचं लग्न लागलं की संपतं. व्रत धरलेली माणसं हे बारा दिवस उपवास करतात आणि बसत नाहीत. ज्याला बसायचंच नाही त्याचे बहुतेक व्यवहार आपोआप थांबतात. गादीवरचा हिशेब थांबतो, पारावरच्या गप्पा थांबतात, पंगत थांबते. माण तालुक्यासारख्या कोरडवाहू मुलखात, जिथं हाताला काम लागलेला एकेक दिवस मोलाचा, तिथं माणसं असं का करत असतील? श्रद्धा हे उत्तर खरंच आहे, पण ते प्रश्नाच्या पोटात शिरत नाही. मनातलं काही टाकायचं असेल, आत साठलेलं कमी करायचं असेल, तर चालता संसार थांबवावा का लागतो? काम करता करता, येता-जाता, हळूहळू ते का होऊ नये? निवृत्ती आणि प्रवृत्ती हा आपल्याकडचा जुना वाद याच प्रश्नाभोवती फिरत आलेला आहे. त्यात मला एक साक्ष काढायची आहे, आणि ती कुठल्याही मठातली नाही. कचेऱ्यांमधून मेलचे सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसांना रोजच्या कामात जे दिसत आलं, ती ही साक्ष आहे.

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल सर्व्हरमध्ये अनेक माणसांच्या पेट्या एका मोठ्या डेटाबेस फाइलमध्ये असतात. ही फाइल पानांची असते. २००३ च्या आवृत्तीत एक पान ४ केबीचं होतं, २०१० पासून ते ३२ केबीचं झालं. मेल आला की पानं भरतात, पानं संपली की फाइल मोठी होते. आता कचेरीत एक दिवस सगळ्यांना सांगितलं जातं की जुने मेल काढा. लोक मन लावून काढतात. हजारो मेल जातात, चित्रं जातात, जोडलेले अहवाल जातात. सर्व्हर ते लगेच पुसत नाही. नेहमीच्या मांडणीत १४ दिवस राखून ठेवतो, कुणाला पस्तावा झाला तर परत देता यावं म्हणून. ती मुदत संपली की रात्रीच्या देखभालीत ती पानं मोकळी झाल्याची नोंद होते. आणि सकाळी डिस्कवर पाहिलं तर फाइल काल होती तेवढीच. साठ जीबीची फाइल साठ जीबीचीच राहते, आत वीस जीबी मेल उरले असले तरी. उरलेली चाळीस जीबी रिकामी पानं आहेत, पण ती फाइलच्याच ताब्यात आहेत. दुसऱ्या कुणाला ती वापरता येत नाहीत, बॅकअपच्या वेळी त्यांना ओलांडून जाता येत नाही, फाइल दुसरीकडे न्यायची तर त्यांनाही उचलून न्यावं लागतं. जे गेलं त्याची जागा अजून त्याचीच वाट पाहत बसलेली असते.

हे वाचताना गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला एक विचार आठवल्याशिवाय राहत नाही. जो खाणं सोडतो त्याच्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मात्र तशीच राहते, असं तिथं सांगितलं आहे. ती गोडी म्हणजे रस. मला वाटतं, त्यागाबद्दल आपण जे काही बोलतो त्यातला हा सर्वांत नेमका भाग आहे आणि आपण तो घाईनं ओलांडतो. माणूस दारू सोडतो, पण संध्याकाळी सातची वेळ दारूच्याच मापाची राहते. भांडण मिटवतो, पण भावाच्या घरावरून जाताना मान वळवायची ती वळतेच. वस्तू गेली, वस्तूचं माप राहिलं. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: निजलेला, क्षीण झालेला, मध्येच तुटलेला आणि उसळलेला. व्यासभाष्य त्यांत पाचवी घालतं, भाजलेल्या बीची, जी पेरली तरी उगवत नाही. मेल काढून टाकणं हे फार तर पहिल्या तीन अवस्थांपर्यंत नेतं. रिकामं पान हे भाजलेलं बी नाही. ते नांगरून ठेवलेलं वावर आहे, पहिला पाऊस पडला की पुन्हा तेच पीक घ्यायला तयार.

मग फाइल लहान होते कशी? त्यासाठी जे करावं लागतं त्याला ऑफलाइन डिफ्रॅगमेंटेशन म्हणतात, आणि ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी डेटाबेस उतरवावा लागतो. त्या क्षणापासून त्यातल्या कुणालाच मेल वाचता येत नाही, पाठवता येत नाही. उतरवताना तो नीट मिटलेला हवा, अर्धवट व्यवहार एकही शिल्लक नको. तसा नसेल तर पुढचं काम सुरूच होत नाही. मग काळ्या खिडकीत ईएसईयूटिल नावाच्या हत्याराला हुकूम द्यायचा. पडद्यावर शून्यापासून शंभरपर्यंत एक पट्टी उमटते आणि तिच्याखाली एकेक टिंब पुढं सरकायला लागतं. टिंबांना घाई नसते. जुन्या यंत्रांवर मोठ्या फाइलला अख्खी रात्र, कधी शनिवार-रविवार जायचा. या वेळात आत काय चालू असतं? माझा सगळा मुद्दा इथं आहे. हत्यार काहीही पुसत नाही. जुन्या फाइलला ते कात्रीसुद्धा लावत नाही. ते शेजारी एक कोरी तात्पुरती फाइल उघडतं, जुन्या फाइलीतली जिवंत पानं एकेक करून वाचतं, आणि ती नव्या फाइलीत सलग, शेजारी शेजारी मांडतं. रिकाम्या पानांकडं ते वळतही नाही. शेवटी नवी फाइल जुनीच्या जागी ठेवली जाते आणि जुनी निघून जाते. म्हणजे आकार कमी होतो तो टाकण्यानं होतच नाही. तो होतो जे न्यायचं ते नव्या जागी नेऊन लावण्यानं.

त्याग म्हणजे काय सोडायचं याची यादी, असं आपण धरून चालतो. कांदा-लसूण सोडला, चहा सोडला, अमक्याशी बोलणं सोडलं. चातुर्मासाचे नेम बहुतेक असेच असतात. ते खोटे नाहीत. सोडल्याशिवाय पानं मोकळी व्हायची नाहीत आणि पानं मोकळी नसतील तर रात्रभर हत्यार चालवूनही फाइल तेवढीच निघेल. पण सोडण्याची यादी कितीही लांब झाली तरी तेवढ्यानं माणूस हलका होत नाही. पुढचं काम वेगळ्या जातीचं आहे. आपल्यात जिवंत काय आहे हे एकेक उचलून पाहणं आणि ते नव्यानं लावणं, हे ते काम. उभ्याच्या नवरात्रात बारा दिवस उपवास केला हा सोडण्याचा भाग. बारा दिवसांत नेहमीची प्रत्येक बैठक मोडली आणि मग ज्या बैठकीवाचून खरंच चालत नाही तीच परत धरली, हा नेण्याचा भाग. व्रताचं खरं काम दुसऱ्या भागात होतं असं माझं म्हणणं आहे.

आणि हे काम चालत्या फाइलीत होत नाही, याचं कारण साधं आहे. ज्या पानावर आत्ता कुणी लिहीत आहे ते उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. माणदेशाला हे वेगळ्या रूपात पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेतलेला माण नदीवरचा तलाव जुन्या कागदांत म्हसवडचा तलाव म्हणून ओळखला जातो, आज लोक त्याला राजेवाडीचा तलाव म्हणतात. अशा कुठल्याही तलावात दर पावसाळ्यात गाळ येतो आणि पाण्याची जागा खातो. तो गाळ पाणी असताना निघत नाही. तलाव आटावा लागतो, तळाची माती तडकून तिच्या खपल्या सुटाव्या लागतात, तेव्हा पोकलेन आणि ट्रॅक्टर आत उतरतात. राज्य सरकारची २०१७ ची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना याच उन्हाळी रिकामेपणावर उभी आहे. उपमा पुरती जुळत नाही, हे सांगितलं पाहिजे: तलावात अडचण गाळाची आहे, फाइलीत अडचण रिकामेपणाची. पण जे बंद केल्याशिवाय हाताळता येत नाही ते हाताळण्यासाठी ते बंदच करावं लागतं, इथं दोन्ही एकत्र येतात. तलाव कोरडा पडण्याचा काळ गावाला सर्वांत कठीण जातो, आणि त्याच काळात त्याचं पोट मोठं करता येतं.

इथं प्रवृत्तीच्या बाजूचा माणूस उठून उभा राहील, आणि मराठी वाचकापुढं त्या बाजूला लोकमान्य टिळकांचं बळ आहे. संन्यास नको, कर्म सोडायची गरज नाही, फळाची आस सोडून चालत्या जगातच राहा, हा गीतारहस्याचा गाभा. तो मला मान्य आहे. पण ते पुस्तक कुठं लिहिलं गेलं याकडंही पाहावं. १९०८ च्या शिक्षेनंतर टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत, त्यांनी पेन्सिलीनं वह्यांवर ते उतरवलं. १९१४ मध्ये सुटका झाली आणि १९१५ मध्ये ते छापून निघालं. केसरी चालवताना, सभा गाजवताना, खटले लढवताना त्यांच्या डोक्यात हे विचार वर्षानुवर्षं होतेच. ते सलग मांडले गेले दार बंद असताना. ते दार त्यांनी स्वतः लावलं नव्हतं, आणि त्याची किंमत भयंकर होती: १९१२ मध्ये सत्यभामाबाई इकडे पुण्यात वारल्या तेव्हा ते तिकडं कोठडीत होते. म्हणून तुरुंगाचं गुणगान कुणी करू नये. पण प्रवृत्तीचा आपल्या भाषेतला सर्वांत भक्कम ग्रंथ सक्तीच्या निवृत्तीत मांडला गेला, ही गोष्ट कर्मयोगाला खोटं पाडत नाही. कर्म करत राहण्यासाठी लागणारी मांडणी कर्म थांबलेल्या वेळात होते, एवढं मात्र ती दाखवते.

यापेक्षा अवघड आक्षेप सर्व्हरच्याच जगातून येतो. जाणकार सांगतात की ऑफलाइन डिफ्रॅगमेंटेशन नेमानं करायचं काम नव्हेच. रिकामी पानं वाया जात नाहीत, उद्याचे मेल त्यांतच बसतात. फाइल आकसून दिली तर आठवड्याभरात ती पुन्हा फुगते आणि केलेला खटाटोप पाण्यात जातो. २०१० पासूनच्या आवृत्त्यांत तर पानं सलग लावण्याचं काम मागच्या बाजूला अखंड चालूच असतं. मग रिकामेपणाला ओझं का म्हणायचं? तयारी का म्हणू नये? हा आक्षेप मी बऱ्याच अंशी स्वीकारतो. जो माणूस दर महिन्याला नवा संकल्प करून स्वतःला आकसून घेतो आणि दर महिन्याला पुन्हा पसरतो, त्याला व्रतापेक्षा स्वस्थपणाची गरज अधिक आहे. मनात थोडी मोकळी जागा असलेला माणूस पाहुणा आला की दचकत नाही. ती जागा मोडून टाकण्यात शहाणपण नाही. पण हेच जाणकार दोन प्रसंग वेगळे काढतात. एक, जेव्हा खूप मोठा हिस्सा कायमचा गेलेला असतो आणि तेवढा पुन्हा भरणार नसतो. निम्मी माणसं दुसऱ्या सर्व्हरवर गेली, आता ती जागा कुणासाठी राखायची? घरातलं माणूस गेल्यावर, मुलं परगावी स्थिरावल्यावर, नोकरी संपल्यावर माणसाचं हेच होतं. दुसरा, जेव्हा पुढं जागाच उरत नाही. एक्स्चेंजच्या २००३ च्या साध्या आवृत्तीत डेटाबेसला १६ जीबीची मर्यादा होती, आणि २००५ मधल्या सुधारणेपर्यंत त्या मोजणीत रिकामी पानंही धरली जायची. मर्यादा गाठली की डेटाबेस आपणहून बंद पडायचा. साफसफाई करता यावी म्हणून एका जीबीची तात्पुरती सवलत मिळायची, तेवढीच. ज्यानं वेळेवर दार लावलं नाही त्याचं दार असं लागायचं, भर कामाच्या दिवशी, आणि आत जिवंत मेल मर्यादेच्या निम्म्यानंही नसले तरी. दमून अंथरुणाला खिळलेल्या कित्येक कर्त्या माणसांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट या कामात आहे जी त्यागाच्या उपदेशात क्वचित सांगितली जाते. नवी फाइल मांडायला आधी मोकळी जागा लागते: नव्या फाइलचा जो आकार होईल असा अंदाज असेल त्याच्या ११० टक्के. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर आकसण्याचं कामच करता येत नाही; कुठून तरी दुसरी डिस्क उसनी आणावी लागते. हलकं व्हायलाही आधी थोडी ऐपत लागते. इथं मी त्या आक्षेपाशी येतो जो मला सर्वांत जास्त टोचतो. घरातलं एक माणूस बारा दिवस उभं राहिलं तर त्या घराचं बाकीचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर येतं, आणि ते अंग बहुतेक वेळा बाईचं असतं. कचेरीचा सर्व्हर शनिवारी रात्री उतरवतात, कारण तेव्हा कुणाचं अडत नाही. ज्या बाईचं रोज अडतं तिनं कधी उतरवायचं? म्हसवडलाच याचा पुरावा उभा आहे. १९९७ मध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं इथं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ग्रामीण बायकांनी बायकांसाठी काढलेली ही बँक. बँकेत यायचं म्हणजे दिवसाची मजुरी किंवा बाजारातली विक्री बुडवायची, हे त्या बायकांना परवडणारं नव्हतं, म्हणून बँक त्यांच्या दारात जायला शिकली. जिला बँकेपर्यंत जायला अर्धा दिवस काढता येत नाही तिला बारा दिवसांच्या निवृत्तीचा उपदेश कुणी करावा? मला तरी तो तोंड उघडून करता येणार नाही.

तरीही यातून निघतं ते एवढंच की थांबण्याची सोय वाटून द्यायला हवी. थांबण्याची गरज काही संपत नाही. सर्व्हरवाल्यांनीही शेवटी हाच मार्ग धरला. सगळा डेटाबेस उतरवण्याऐवजी ते आता शेजारी नवा डेटाबेस उघडतात आणि एकेक पेटी तिकडं हलवतात. सगळ्या पेट्या गेल्या की जुनी फाइल काढून टाकतात. लोकांना फारसं कळतही नाही. बंद करावंच लागत नाही याचा पुरावा म्हणून हे दाखवतात, पण नीट पाहिलं तर प्रत्येक पेटी हलण्याच्या शेवटच्या टप्प्यात थोडा वेळ कुलुपात जातेच. मोठं थांबणं छोट्या छोट्या थांबण्यांत वाटलं गेलं आहे. आपल्या परंपरेनं हे फार आधी केलं: महिन्यात दोन एकादश्या ही अशीच वाटून घेतलेली विश्रांती आहे, आणि ती मजुराला, बाईला, म्हाताऱ्याला सगळ्यांना पेलावी एवढ्या मापाची आहे. गर्दीच्या देवालाही ती लागते. साताऱ्याहून म्हसवडवरून जो रस्ता पुढं पंढरपूरला जातो त्याच्या टोकाला आषाढीच्या दिवसांत विठ्ठलाचा पलंग काढतात, शेजारती थांबते, देव रात्रंदिवस उभा राहून दर्शन देतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा काढतात, पलंग परत येतो आणि रोजचे उपचार पूर्ववत सुरू होतात. भर यात्रेत प्रक्षाळपूजा करावी असं कुणाच्या मनातही येत नाही. १५ मार्च २०२४ पासून अडीच महिन्यांहून अधिक काळ तिथलं पदस्पर्शदर्शन बंद ठेवून मंदिराचं जतनाचं काम केलं गेलं, नंतर बसवलेल्या फरश्या आणि भर काढून मूळ दगड मोकळा केला गेला. त्याच कामात, मे महिन्याच्या अखेरीस, फरशीखाली एक तळघर सापडलं, आत जुन्या मूर्ती होत्या. रोज हजारो पायांखाली ती पोकळी होती. चालत्या दर्शनात ती दिसण्याची शक्यताच नव्हती.

एक शेवटची बाब राहिली, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. डिफ्रॅगमेंटेशन झालं की डेटाबेसची सही बदलते. सही म्हणजे त्याची आतली ओळखखूण. आतले मेल तेच, माणसं तीच, पण आधीच्या व्यवहारांच्या ज्या नोंदवह्या होत्या त्या आता या फाइलवर चालवता येत नाहीत; त्या जुन्या फाइलच्या होत्या. काही बिघडलं तर पूर्वी जुना बॅकअप परत बसवून त्यापुढच्या नोंदी एकेक करून चालवता यायच्या, तो पूल आता तुटलेला असतो. म्हणून काम संपलं की लगेच पूर्ण नवा बॅकअप घ्यायचा हा दंडक आहे. मधला काळ सर्वांत उघडा आणि सर्वांत धोक्याचा. प्रायश्चित्त घेतलेल्या, व्रत पुरं केलेल्या माणसाबद्दल धर्मशास्त्र जे म्हणतं तेही याच्या जवळ जातं: त्याच्यावर जुनी वही चालवून दाखवायचा अधिकार गावाला राहत नाही. आणि त्यानंही स्वतःवर ती चालवू नये, हे त्याहून अवघड. उपवास सुटताना म्हणूनच पारण्याला नियम असतात. एकादशीचं पारणं द्वादशीला, वेळेत, आणि हलक्या अन्नानं करायचं. उपवास जितका काळजीनं धरला त्याहून जास्त काळजीनं तो सोडायचा.

म्हसवडचं नवरात्र तुळशीच्या लग्नाला उठतं, पण सिद्धनाथाचा रथ त्याच दिवशी निघत नाही. कार्तिकाचे उरलेले दिवस आणि अमावास्या जाऊ देतात. देवदिवाळीला, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, सिद्धनाथ आणि जोगेश्वरी रथात बसतात, मानकरी आणि भाविक दोर धरतात, वरून गुलाल-खोबरं पडायला लागतं आणि बारा दिवस उभा राहिलेला माणूस त्या दोराला हात लावून चालायला लागतो.